सत्तेचाळीसवर सर्वबाद: महिला कसोटीची पहिली पानं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलीला शाळेत महिला क्रिकेटच्या इतिहासावर प्रकल्प करायचा आहे. नेटवर शोधलं की २०१७ च्या विश्वचषकापासून पुढचं हवं तेवढं मिळतं. त्याआधीचं म्हणजे दोन-चार नावं आणि ‘पहिली कसोटी १९३४’ एवढंच. त्या बायका होत्या तरी कोण? आणि त्यांचे सामने बोटांवर मोजण्याइतकेच का?

मी पुण्यात पंचवीसेक वर्षं स्थानिक सामन्यांचं स्कोअरिंग करते, त्यातले बरेचसे मुलींचे. त्यामुळे उत्तरही स्कोअररच्या सवयीनेच देणार: आधी धावफलक, मग त्यामागची माणसं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगते, नाहीतर पुढचा एकही आकडा नीट वाचता येणार नाही. या खेळाडूंच्या मागे पैसेवालं मंडळ नव्हतं. स्वतःची संघटना काढायची, स्वतः वर्गणी भरायची, बोटीचं तिकीटही स्वतःच काढायचं आणि मग देशासाठी खेळायचं, असा सगळा मामला होता. ‘किती सामने खेळली’ हा आकडा म्हणूनच गुणवत्तेबद्दल फारसं काही सांगत नाही. तो बऱ्याचदा तिकिटाच्या पैशांचा हिशेब असतो.

आता ब्रिस्बेन, महिलांची पहिली कसोटी. २८ डिसेंबर १९३४, एक्झिबिशन ग्राउंड. ऑस्ट्रेलियाची कर्णधार मार्गारेट पेडन, इंग्लंडची बेटी आर्चडेल. ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव ४७ धावांत आटोपला. त्यात इंग्लंडच्या मर्टल मॅक्लेगनने १० धावांत ७ बळी घेतले. ऑफस्पिन टाकायची आणि टप्पा सोडायची नाही. इतका कमी स्कोअर पाहिला की आजची मुलं हसतात, पण तोच फलक थोडा खाली वाचा. इंग्लंडलाही १५४च धावा करता आल्या, कारण ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅन पामरने १८ धावांत ७ बळी काढले. दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाने १३८ केल्या. इंग्लंडला विजयासाठी ३२ हव्या होत्या, त्यांनी १ बाद ३४ केल्या. नऊ गडी राखून विजय. (बायकांच्या सामन्यातही आपण ‘गडी’च राखतो. एवढं एक सोडलं तर आपली भाषा सरळ आहे. ‘फलंदाज’ आणि ‘गोलंदाज’ हे शब्द पहिल्यापासून दोघांनाही चालतात. इंग्रजीला त्यासाठी नियमावलीत २०२१ साली बदल करावा लागला.)

पुढच्याच आठवड्यात सिडनीला याच मॅक्लेगनने ११९ धावा केल्या. महिला कसोटीतलं हे पहिलं शतक. म्हणजे पहिल्या कसोटीत सात बळी आणि दुसऱ्या कसोटीत शतक. तिचा जन्म १९११ साली आपल्याकडे अंबाल्याला झाला होता, हे मुलीच्या प्रकल्पात खुशाल घाला. दोनच वर्षांपूर्वी पुरुषांची ‘बॉडीलाइन’ मालिका (इंग्लंडच्या गोलंदाजांनी फलंदाजांच्या अंगावर चेंडू टाकले ती) झाली होती आणि दोन्ही देशांची मनं कडू झाली होती. त्या पार्श्वभूमीवर या बायकांच्या सामन्यांना ऑस्ट्रेलियात चांगली गर्दी झाली आणि वर्तमानपत्रांनीही त्यांना जागा दिली. मालिका इंग्लंडने २-० अशी जिंकली, मेलबर्नची तिसरी कसोटी अनिर्णित राहिली.

तिथून इंग्लंडचा संघ न्यूझीलंडला गेला. फेब्रुवारी १९३५, क्राइस्टचर्च. न्यूझीलंड ४४ सर्वबाद. इंग्लंड ५ बाद ५०३ वर डाव घोषित. त्यात सलामीला आलेल्या बेटी स्नोबॉलच्या १८९, मॉली हाइडच्या ११०. दुसऱ्या डावात न्यूझीलंड १२२. नवीन स्कोअररला बेरीज-वजाबाकी शिकवताना मी हाच फलक देते: ४४ आणि १२२ मिळून १६६, ते ५०३ मधून वजा केले की ३३७. एक डाव आणि ३३७ धावांनी विजय. स्नोबॉल मूळची यष्टिरक्षक. तिच्या त्या १८९ धावांचा विक्रम मोडायला किती वर्षं लागली असतील? एक्कावन्न. आणि तो मोडला इंदूरच्या संध्या अगरवालने, १९८६ साली इंग्लंडमध्येच, वूस्टरला. १९० धावा. फक्त एका धावेने.

आता या संघाची गोष्ट. इंग्लंडच्या महिला क्रिकेट संघटनेची स्थापना १९२६ ची. हॉकी आणि लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) खेळणाऱ्या काही मैत्रिणी हेरेफर्डशायरमधल्या कोलवॉल गावी जमल्या, उन्हाळ्यात काय खेळायचं याचा विचार झाला आणि त्यातून संघटना उभी राहिली. त्याआधीही बायका खेळतच होत्या. सरे परगण्यात २६ जुलै १७४५ ला ब्रॅम्ली आणि हॅम्बल्डन या गावांच्या मुलींचा सामना झाल्याची बातमी छापून आलेली आहे. डोक्याला एका बाजूच्या मुलींनी निळ्या फिती बांधल्या होत्या, दुसऱ्या बाजूने लाल. हॅम्बल्डनच्या १२७, ब्रॅम्लीच्या ११९. तेव्हा धावा काठीवर खाचा पाडून मोजत. माझ्या पेशाची सुरुवात तिथली, म्हणून माझा त्या सामन्यावर जरा जास्त जीव. पुढे १८८७ साली यॉर्कशायरमध्ये खानदानी घरातल्या बायकांनी ‘व्हाइट हेदर’ क्लब काढला. १८९० मध्ये पैसे घेऊन खेळणारे दोन संघ गावोगाव फिरले आणि थोड्याच काळात बंदही पडले. पण देशाचा संघ निवडायचा, परदेशी पाठवायचा, नियम ठरवायचे ही बांधणी १९२६ नंतरची.

१९३४ च्या दौऱ्यात खेळाडूंनी बोटभाडं स्वतः भरलं. नोकरी करणाऱ्यांना अनेक महिन्यांची रजा मिळवावी लागली. म्हणजे संघात तीच जाणार, जिला खेळ येतो, रजा मिळते आणि तिकीट परवडतं. या तिन्ही चाळण्यांतून किती जणी गळाल्या असतील, त्याची नोंद कुठल्याच धावफलकात नाही. कर्णधार आर्चडेलची आई हेलन बायकांच्या मताधिकाराच्या लढ्यात तुरुंगात गेलेली, आणि त्या लढ्याची पुढारी एमेलिन पँकहर्स्ट ही बेटीची धर्ममाता. आर्चडेल स्वतः कायदा शिकलेली. पुढे ती ऑस्ट्रेलियातच स्थायिक झाली आणि सिडनीत मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून नावाजली गेली.

पोशाख सगळा पांढरा: गुडघ्यापर्यंत येणारे घेरदार, दुभागलेले स्कर्ट आणि लांब पायमोजे. स्कर्टवरच पॅड बांधायचे. मुली मला नेहमी विचारतात, घसरून चेंडू अडवायच्या कशा? चेंडू मात्र तेव्हापासूनच पुरुषांच्या चेंडूपेक्षा हलका, सुमारे ५ औंसांचा. आजही महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, पुरुषांचा साधारण १५६ ते १६३. दोघांच्या आकड्यांची तुलना करायची हौस असेल तर हे आधी लक्षात घ्या.

१९३७ साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडला गेला. खेळाडूंकडून करार लिहून घेतला होता: दारू नाही, सिगारेट नाही, जुगार नाही, रात्री वेळेवर झोपायचं. तरी नॉर्थॅम्प्टनला त्यांनी इंग्लंडला ३१ धावांनी हरवलं, हा ऑस्ट्रेलियन महिलांचा पहिला कसोटी विजय. ब्लॅकपूलला इंग्लंडने परतफेड केली, मालिका १-१. ऑस्ट्रेलियाकडे पेगी अँटोनियो नावाची, कारखान्यात काम करणारी लेगस्पिनर होती. पुरुष संघातल्या क्लॅरी ग्रिमेट या लेगस्पिनरच्या नावावरून लोक तिला ‘मुलींमधला ग्रिमेट’ म्हणायचे. ओव्हलच्या कसोटीत स्नोबॉल ९९ वर धावबाद झाली. स्कोअररचा ‘९’ नंतर दुसरा ‘९’ लिहून पुढे धावबाद लिहिताना हात कसा थांबला असेल, ते मला ठाऊक आहे.

मग महायुद्ध, आणि युद्धानंतर बेटी विल्सन.

हिच्याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे. माझ्या मते आजवर झालेल्या सर्वांत मोठ्या अष्टपैलू खेळाडूंमध्ये, पुरुष धरून, तिची गणना व्हायला हवी. मेलबर्नची, १९२१ चा जन्म. दहा वर्षांची असताना मैदानाबाहेर उभी राहून सामना बघत होती. सीमारेषेपलीकडे आलेला चेंडू तिने इतका झकास फेकला की क्लबच्या बायकांनी तिला आत बोलावलं. घरी आईच्या जुन्या पायमोज्यात चेंडू घालून तो कपडे वाळत घालायच्या तारेला टांगायचा आणि तासन्‌तास मारत राहायचं, हा तिचा सराव. वय वाढत होतं पण युद्धामुळे सामनेच नव्हते. पहिली कसोटी मिळाली १९४८ साली, वेलिंग्टनला, सव्वीस वर्षांची असताना. त्यात ९० धावा आणि १० बळी. पुढच्या वर्षी अ‍ॅडलेडला इंग्लंडविरुद्ध १११ धावा आणि एका डावात २३ धावांत ६ बळी. इंग्लंडच्या दौऱ्यासाठी तिने लग्न पुढे ढकललं. ते लग्न पुढे झालंच नाही.

आता फेब्रुवारी १९५८, मेलबर्नमधलं सेंट किल्डा. पहिला दिवस पावसाने गेला. ओल्या खेळपट्टीवर ऑस्ट्रेलिया ३८ सर्वबाद. इंग्लंडच्या मेरी डगनने ६ धावांत ७ बळी घेतले. विल्सनच्या १२, आणि त्या डावातल्या सर्वाधिक. इंग्लंडची आघाडी नक्की, असंच कुणालाही वाटलं असतं. पण विल्सनने ७ धावांत ७ बळी घेतले, त्यात हॅटट्रिक, महिला कसोटीतली पहिली. इंग्लंड ३५ सर्वबाद. आघाडी ऑस्ट्रेलियालाच, तीन धावांची. दुसऱ्या डावात विल्सनच्या बरोबर १००, ऑस्ट्रेलियाचा डाव ९ बाद २०२ वर घोषित. मग पुन्हा ९ धावांत ४ बळी. इंग्लंडने ८ बाद ७६ वर कशीबशी कसोटी वाचवली. एका कसोटीत शतक आणि दहा बळी, हे तिच्याआधी कुणीच केलं नव्हतं. ‘कुणीच’ म्हणजे पुरुषांनीसुद्धा नाही. अ‍ॅलन डेव्हिडसनने एका कसोटीत शंभर धावा आणि दहा बळी मिळवले ते १९६० साली, बरोबरीत सुटलेल्या ब्रिस्बेन कसोटीत, आणि त्याही दोन डावांत मिळून. ‘शतक आणि दहा बळी पहिल्यांदा कुणी?’ हा प्रश्न प्रश्नमंजूषेत मी विचारते तेव्हा दहापैकी नऊ उत्तरं इंग्लंडचा अष्टपैलू इयान बोथम अशी येतात.

सेंट किल्डाच्या त्याच कसोटीत ऑस्ट्रेलियाकडून फेथ थॉमस खेळली, तेव्हाची फेथ कुल्थर्ड. ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळणारी पहिली आदिवासी महिला.

विल्सनची कारकीर्द दहा वर्षांची. किती कसोटी? अकरा. सरासरी ५७.४६, बळी ६८, तेही प्रत्येकी ११.८० धावांत. मॅक्लेगन १९३४ पासून १९५१ पर्यंत खेळली, त्या सतरा वर्षांत चौदा कसोटी. १००७ धावा, ६० बळी. सुरुवातीला म्हटलं ते हेच. कसोटींचा आकडा तिकिटाचा, सरासरी खेळाची. त्या काळच्या खेळाडूला ‘फक्त अकरा कसोटी’ म्हणून बाजूला सारणाऱ्याने धावफलक उलटा धरलेला असतो.

१९५८ सालीच मेलबर्नमध्ये आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेट परिषद स्थापन झाली: इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि नेदरलँड्स. ती २००५ पर्यंत स्वतंत्र होती, मग आयसीसीत विलीन झाली. म्हणजे सत्तेचाळीस वर्षं महिला क्रिकेटचा संसार वेगळा होता, आणि तो चालवणाऱ्यांमध्ये बऱ्याचशा खेळाडूच होत्या.

त्या संसारातली सगळ्यात हिकमती बाई म्हणजे रेचल हेहो फ्लिंट. १९६३ साली ओव्हलवर महिला कसोटीतला पहिला षटकार तिने मारला. १९६६ ते १९७८ इंग्लंडची कर्णधार होती आणि त्या काळात इंग्लंड एकही कसोटी हरलं नाही. पण तिचं मोठं काम मैदानाबाहेरचं. वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॅक हेवर्ड या उद्योगपतीला गळ घालून तिने ४०,००० पौंड मिळवले आणि त्यातून १९७३ साली पहिला क्रिकेट विश्वचषक उभा राहिला. पुरुषांचा पहिला विश्वचषक १९७५ चा. इथेही बायका दोन वर्षं पुढे. संघ सात, त्यात जमैका आणि त्रिनिदाद-टोबॅगो वेगवेगळे. २० जून १९७३ चा पहिलाच सामना, जमैका विरुद्ध न्यूझीलंड, एकही चेंडू न पडता पावसात वाहून गेला. शेवटचा सामना २८ जुलैला एजबॅस्टनवर. ६० षटकांत इंग्लंड ३ बाद २७९, सलामीच्या एनिड बेकवेलच्या ११८, कर्णधाराच्या ६४. ऑस्ट्रेलिया ९ बाद १८७. चषक राजकन्या अ‍ॅनच्या हस्ते दिला गेला. तरी लंडनच्या लॉर्ड्स या मानाच्या मैदानावर खेळायला बायकांना पाऊल ठेवायला ४ ऑगस्ट १९७६ उजाडावं लागलं.

बेकवेल लहान मुलीला घरी ठेवून १९६८-६९ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यावर गेली होती आणि त्या दौऱ्यात तिने हजारावर धावा आणि शंभरावर बळी मिळवले. पदार्पणाच्या कसोटीत शतक. मला विचाराल तर विल्सननंतर हीच.

आता आपल्याकडे. १९७३ हेच वर्ष. लखनौच्या महेंद्रकुमार शर्मांनी भारतीय महिला क्रिकेट संघटना नोंदवली, बेगम हमीदा हबीबुल्ला अध्यक्ष. मुलींचा सामना आहे, या बघायला, असं शर्मा रिक्षात बसून लाउडस्पीकरवर ओरडत फिरले, ही गोष्ट जुन्या मंडळींकडून ऐकायला मिळते. आणि पहिली राष्ट्रीय आंतरराज्य स्पर्धा कुठे झाली? पुण्यात, एप्रिल १९७३. संघ तीनच: मुंबई, महाराष्ट्र, उत्तर प्रदेश. मुंबईत त्याआधीच आलू बामजींचा ‘अल्बीज’ क्लब मुलींना तयार करत होता, त्यामुळे मुंबईकडे खेळाडू होत्या. त्याच वर्षीच्या दुसऱ्या स्पर्धेला, वाराणसीत, आठ संघ आले. तीनाचे आठ, काही महिन्यांत. मुली नव्हत्या असं नाही. बोलावणारं कुणी नव्हतं.

१९७५ साली ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालचा संघ आला. पुणे, दिल्ली आणि कलकत्ता इथे तीन सामने झाले आणि तिन्ही वेळा भारताच्या कर्णधार वेगळ्या: उज्ज्वला निकम, सुधा शाह, श्रीरूपा बोस. पहिली अधिकृत कसोटी ३१ ऑक्टोबर १९७६ ला बंगळूरमध्ये सुरू झाली, वेस्ट इंडिजविरुद्ध, शांता रंगास्वामीच्या नेतृत्वाखाली. पुण्याची सतरा वर्षांची लेगस्पिनर शुभांगी कुलकर्णी त्यातच पदार्पण करत होती. तिने डावात पाच बळी घेतले, भारतीय महिलांमध्ये पहिल्यांदा. त्याच मालिकेत, नोव्हेंबरात, पाटण्याला भारताचा पहिला कसोटी विजय. गर्दी पंचवीस हजारांवर होती म्हणतात. १९७७ च्या जानेवारीत शांताने न्यूझीलंडमध्ये, ड्युनेडिनला, १०८ केल्या. भारतीय महिलेचं ते पहिलं कसोटी शतक.

आणि मग? १९७७ नंतरची पुढची कसोटी थेट १९८४ मध्ये. खेळाडूची ऐन उमेदीची सात वर्षं. मध्ये १९७८ चा विश्वचषक भारतातच झाला, चार संघांचा, डायना एडलजी कर्णधार, आपण तिन्ही सामने हरलो. डायना म्हणजे मुंबईची डावखुरी फिरकी गोलंदाज; १९७६ ते १९९१ या काळात वीस कसोटींत ६३ बळी. शुभांगीचे एकोणीस कसोटींत ६०. या पिढीने अनारक्षित डब्यातून प्रवास केला, शाळांच्या वर्गखोल्यांत जमिनीवर झोपली, दोन-तीन बॅटींवर अख्खा संघ खेळला. १९८६ च्या दौऱ्यात डायनाला लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्ये शिरू दिलं नाही. त्यावर तिने लॉर्ड्सच्या मालक क्लबचं, ‘एमसीसी’चं, नाव ‘एमसीपी’ करा, म्हणजे ‘मेल शोव्हिनिस्ट पिग्ज’ (पुरुषी अहंकारी डुकरं), असा टोला हाणला होता. शुभांगी पुढे संघटनेची सचिव झाली आणि २००६ साली महिला क्रिकेट बीसीसीआयकडे गेलं त्या काळात सूत्रं तिच्या हाती होती.

जाता जाता मुंबईचा एक धावफलक. एकदिवसीय सामन्यातलं पहिलं द्विशतक सचिनचं, असं तुमच्या मुलीला वर्गात कुणीतरी नक्की सांगणार. सचिनचं २०१० चं. बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ केल्या त्या १६ डिसेंबर १९९७ ला, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर, सचिनच्या घरच्याच उपनगरात.

काही वर्षांपूर्वी सत्तरच्या दशकात आंतरराज्य खेळलेल्या एक बाई मला भेटायला आल्या होत्या. त्यांच्या एका सामन्याची स्कोअरबुकं एका संस्थेकडे असायला हवी होती, मी ती शोधून द्यावी अशी त्यांची इच्छा. मी गेले. खोली रंगवताना जुनी बुकं रद्दीत गेली होती. मी परत येऊन त्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, राहू दे, मला पाठ आहे: अकरा षटकं, चार निर्धाव, एकोणीस धावा, पाच बळी. मी ते माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं, तारखेसह.

प्रकल्पासाठी माझी एक सूचना. मुलीला नुसते फोटो चिकटवायला लावू नका. बाजारात स्कोअरबुक मिळतं, नाहीतर आखलेला कागद चालेल. सेंट किल्डाचे ३८ आणि ३५ हे दोन डाव नेटवरच्या धावफलकावरून हाताने उतरवायला सांगा. डगनच्या रकान्यात ६ धावांत ७, विल्सनच्या रकान्यात ७ धावांत ७. बेरीज जुळली नाही तर अवांतर धावा तपासायच्या. नवख्यांची चूक नेमकी तिथेच होते.